‘कित्याक?’ : मुलांचे वाचन आणि कार्यकारणभाव

(तारकर्ली येथे पालक व प्राथमिक शिक्षक यांच्यापुढे झालेले भाषण)



मुलांच्या वाचनाविषयी चार शब्द सांगावेत, अशी आपली आज्ञा झाली. आपल्या शाळांतून मुलांस अक्षरओळख होत नाही, ही जुनी तक्रार आता पुष्कळ अंशी मागे पडली आहे. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ योजनेत तिसरीच्या मुलाने अनोळखी उतारा मिनिटास साठ शब्द या गतीने, अर्थासह वाचावा, असे लक्ष्य ठेवले आहे. ‘अर्थासह’ हा शब्द तेथे आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु शब्द मोजावयास घड्याळ आहे, अर्थ मोजावयास नाही. आणि जे मोजता येते त्याकडेच शिक्षकाचे व पालकाचे लक्ष लागते. मूल धडा घडाघडा वाचते. ‘राजा कोठे गेला?’ असे विचारले तर बरोबर सांगते. ‘तो का गेला?’ असे विचारले की गप्प बसते, किंवा धड्यातील शेवटचे वाक्य म्हणून दाखविते. मला आज या गप्प बसण्याविषयी बोलावयाचे आहे.

काही दिवसांपूर्वी मी येथल्याच काही मुलामुलींबरोबर एक तास बसलो होतो. त्यांच्यासाठी मी चार वाक्यांचा एक उतारा फळ्यावर लिहिला. तो असा: ‘वाडीत नवे न्याहारी-निवास झाले. मे महिन्यात पाहुणे पुष्कळ आले. पंप दिवसरात्र चालू राहिले. पाऊस येण्यापूर्वीच विहिरीचे पाणी मचूळ लागू लागले.’ उतारा कल्पित होता. पण मुलांस तो परका वाटण्याचे कारण नव्हते. त्यात ‘म्हणून’, ‘कारण’, ‘त्यामुळे’ यांपैकी एकही शब्द मी मुद्दाम ठेवला नव्हता. मी मुलांस म्हटले, या वाक्यांत जेथे जेथे ‘म्हणून’ घालता येईल तेथे घाला. बहुतेकांनी प्रत्येक वाक्यानंतर तो घातला. निवास झाले म्हणून पाहुणे आले, पाहुणे आले म्हणून पंप चालले, पंप चालले म्हणून पाणी मचूळ झाले. एका मुलाने मात्र पहिल्या ठिकाणी ते उलटे केले: पाहुणे येतात म्हणून निवास बांधले. मी त्यास शाबासकी दिली. कारण लिहिण्याचा क्रम आणि कारणाचा क्रम एकच असतो असे नाही, हे त्याने आपल्या आपण ओळखले होते.

मग मी विचारले, “पंप चालल्याने पाणी मचूळ कसे होते?” येथे वर्ग थांबला. आणि मागे बसलेली एक लहानशी मुलगी उभी राहून म्हणाली, “पण गुरुजी, ह्येच्यात पावसाचा कायच लिवलेला नाय. पाऊस कमी पडललो तर?”

बंधुभगिनींनो, मी पुष्कळ वर्षे शिकविले आहे, आणि इतका चांगला प्रश्न मला फार थोड्या वेळा मिळाला आहे. लिहिणाऱ्याने जे कारण दिले ते तिने समजून घेतले, आणि जे दिले नाही तेही विचारले. याचे नाव वाचन.

तिच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पायाखालीच आहे. एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदी, यांच्यामध्ये वाळूची ही पट्टी देवबागपर्यंत निमुळती होत जाते. दोहीकडे खारे पाणी. तरी विहिरीत गोडे पाणी लागते. का? पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो आणि वाळूत मुरतो. गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके; म्हणून ते वाळूच्या पोटात खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. शास्त्रज्ञांचा ढोबळ हिशेब असा की, विहिरीतील पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीहून एक फूट उंच असेल, तर तिच्याखाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा थर असतो. याचा उलटा अर्थ मुलांस सांगितला तेव्हा त्यांचे डोळे विस्फारले. पातळी एक फूट उतरली तर कालांतराने खालून चाळीस फुटांपर्यंत खारे पाणी वर सरकते! तेव्हा पंपाने उपसलेले पाणी हे एक कारण, आणि पावसाने न भरलेले पाणी हे दुसरे. दोन्हींचे काम एकच: पातळी उतरविणे. त्या मुलीचे म्हणणे खरे होते, आणि इतरांचेही खोटे नव्हते. एका कार्यास अनेक कारणे असू शकतात, हे वाक्य मी तेथे उच्चारलेही नाही; त्याची गरज उरली नव्हती.

समोरच्या सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. भर समुद्रात गोडे पाणी हा चमत्कार होय, असे पाहुण्यांस सांगितले जाते. चमत्कार हा शब्द मुलांच्या कानी पडला की पुढचा प्रश्न तेथेच मरतो. बेटावर पडणारा पाऊस कोठे जातो, एवढेच मुलास विचारावे.

आता भाषेकडे वळतो. कारण मुलास कारण सापडते ते प्रथम शब्दात. आपल्या मराठीत कारण सांगणारे शब्द पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. ‘मुळे’ या शब्दात ‘मूळ’ आहे. झाडाचे मूळ जमिनीत असते, दिसत नाही, तरी झाड त्यावर उभे असते. ‘म्हणून’ हा शब्द ‘म्हणणे’ या क्रियापदापासून आला आहे. तेव्हा जो ‘म्हणून’ म्हणतो, तो आपले म्हणणे मांडतो. ते खरे की खोटे, हे तपासावयाचे काम वाचणाऱ्याचे. सरकारी कागदांत ‘सबब’ म्हणजे ‘या कारणास्तव’. घरी मात्र ‘सबबी सांगू नकोस’ असे आपण मुलावर ओरडतो. कारण आणि खोटे कारण या दोहोंस एकच शब्द पुरावा, यात आपल्या लोकांचा कचेऱ्यांविषयीचा अनुभवही थोडा आला असावा!

यापेक्षा अडचणीची गोष्ट वाक्यातील क्रमाची आहे. ‘पाऊस पडला म्हणून नदी भरली’ या वाक्यात आधीचे आधी येते. ‘नदी भरली, कारण पाऊस पडला’ यात नंतरचे आधी येते. लहान मुलास विचारावे, आधी काय झाले? दुसऱ्या वाक्यात ते नदीचे नाव घेईल. त्यास रागावू नये; त्याने जे आधी वाचले तेच आधी घडले असे ते मानते. अशी जोडवाक्ये घरातल्या गोष्टींवरून तयार करून दोन्ही अंगांनी वाचून घ्यावीत. पेज उतू गेली, दार आपटले, रापणीला मासळी आली नाही – विषय कोणताही चालेल. आणि मुलाने ‘का?’ ऐवजी ‘कित्याक?’ म्हटले व ‘म्हणून’ ऐवजी ‘म्हणान’ म्हटले, तर शिक्षकाने तेथे भाषाशुद्धीचा तास सुरू करू नये. विचार मालवणीत उमटला असेल तर तो मालवणीत पुरा होऊ द्यावा. तो प्रमाण मराठीत नंतर उतरविता येतो. मध्येच तोडलेला विचार पुन्हा जोडता येत नाही.

दुसरी चूक मोठ्या माणसांकडूनही होते. एका गोष्टीमागून दुसरी घडली की पहिलीमुळे दुसरी घडली असे आपण मानतो. आपल्या पूर्वजांनी यावर चांगली म्हण करून ठेवली आहे: कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. मुलांना ही म्हण पाठ असते. पण फांदी आधीच किडलेली होती काय, हे पाहावयास त्यांस कोणी सांगत नाही. जवळचेच उदाहरण घ्या. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांच्या ज्या पुतळ्याचे अनावरण झाले, तो २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. ताशी पंचेचाळीस किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचे कारण तात्काळ पुढे आले. तोच वारा त्या दिवशी सिंधुदुर्गाच्या तटासही लागला आणि किनाऱ्यावरील माडांसही लागला. पुढे चौकशी समितीच्या अहवालाचे जे वृत्त प्रसिद्ध झाले त्यात गंज, सदोष जोडकाम आणि देखभालीचा अभाव, ही कारणे होती. वारा हे निमित्त. सहावी-सातवीच्या मुलांपुढे दोन्ही दिवसांची वर्तमानपत्रे ठेवावीत, आणि कोणत्या बातमीत कोणते कारण दिले आहे व त्यास पुरावा कोणता, हे दोन रकान्यांत लिहावयास सांगावे. यास पाठ्यपुस्तकही लागत नाही.

येथपर्यंत मी पाणी, वारा आणि व्याकरण यांविषयी बोललो. हा विषय मी आपल्यापुढे इतक्या आग्रहाने का मांडतो, तेही सांगितले पाहिजे.

माझ्या लहानपणी माझी आजी मला एक गोष्ट सांगत असे. तिच्या तरुणपणी गावच्या विहिरीवर आपल्या माणसांस चढू देत नसत. खाली घडा ठेवून तासन् तास उभे राहावयाचे. कोणा वरच्या जातीच्या माणसास दया आली तर तो वरून पाणी ओती. मी आजीला विचारले, “कित्याक?” ती म्हणाली, “आपल्या नशिबात तसा होता, झिला. मागच्या जल्माचा.” आजी खोटे बोलत नव्हती. तिला तिच्या आजीने हेच कारण दिले होते. पिढ्यान् पिढ्या आमच्या लोकांस पाणी नाकारले गेले, हा एक अन्याय. आणि त्या अन्यायाचे कारण म्हणून आमच्याच पूर्वजन्मीचे पाप दाखविले गेले, हा दुसरा. पहिल्याने तहान लागली. दुसऱ्याने तहानेची तक्रारही बंद केली. ज्याचे कारण मागील जन्मात आहे, त्यावर या जन्मात कोणता अर्ज करावयाचा आणि कोणाकडे?

भगवान बुद्धांच्या धम्मात कार्यकारणभावास जे स्थान आहे ते आपण जाणता. दुःख आहे, दुःखास कारण आहे, आणि कारण दूर केले असता दुःख दूर होते; ही वैद्याची दृष्टी आहे. प्रतीत्यसमुत्पादाच्या मोठ्या चर्चेत मी आज शिरत नाही. परंतु परमपूज्य बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्धांचा कर्मविषयक विचार ब्राह्मणी कर्मसिद्धान्तापासून कसोशीने निराळा केला, आणि गतजन्मीच्या कर्माने माणसाची या जन्मीची स्थिती ठरते हे मत त्यांनी नाकारले, एवढे लक्षात आणून देतो. पेरावे तसे उगवते, हा शेतातला नियम खरा आहे. तो माणसाच्या जातीला लावणे, ही वाचनातील चूक आहे. केवढी महाग पडलेली चूक!

बाबासाहेबांच्या बालपणातील एक प्रसंग आपल्या मुलांस ठाऊक असतो. सातारच्या शाळेत त्यांना नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेले राहावे लागे. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ते त्या शाळेत दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्रात आता ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतात, मुले हा प्रसंग वाचतात, आणि वाचून मोकळी होतात. मी मुलांस विचारतो, भीमराव तहानलेला का राहिला? उत्तर येते, शिपाई आला नाही म्हणून. उत्तर बरोबर आहे. परीक्षेत त्यास गुणही मिळतील. मी पुन्हा विचारतो, नळ तर तेथेच होता, मग शिपाई कशाला हवा? मुले म्हणतात, त्याला शिवू देत नसत म्हणून. कोण देत नसत? येथे मुले चुळबुळ करू लागतात. कारण बहुतेक धड्यांतील वाक्ये अशी रचलेली असतात की, त्यांत करणारा नसतोच. ‘अस्पृश्यांना पाणी मिळत नसे.’ ‘त्यांना शिक्षण घेता येत नसे.’ जणू पाणी आपणहून आटले आणि शाळा आपणहून बंद झाल्या! ‘मिळत नसे’ आणि ‘मिळू देत नसत’ यांत दोन-तीन अक्षरांचा फरक आहे. दुसऱ्या वाक्यात एक माणूस उभा राहतो, आणि त्या माणसास प्रश्न विचारता येतो.

म्हणून माझी शिक्षकबंधूंस विनंती आहे की, कर्ता नसलेले असे वाक्य धड्यात आले की तेथे थांबावे, आणि मुलास त्यात कर्ता घालून वाक्य पुन्हा लिहावयास सांगावे. याने द्वेष वाढेल अशी भीती काहीजण बोलून दाखवितात. माझा अनुभव तसा नाही. ज्याला खरे कारण कळते तो त्या कारणावर रागावतो. ज्याला कळत नाही तो मिळेल त्यावर रागावतो, बहुधा स्वतःवर.

महाडचा धडा घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी तळ्याचे पाणी कोणास घेता आले नाही. येथे मुलांस विचारावयाचा प्रश्न नेहमीच्या उलट आहे: कारण घडले, मग कार्य का घडले नाही? कागदावरील ठराव पुरेसा का झाला नाही? मुले यावर पुष्कळ बोलतात, त्यांना बोलू द्यावे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावात उठली आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. आता ‘तळ्याचे पाणी प्याल्यामुळे दंगल झाली’ हे वाक्य एखाद्या मुलाच्या वहीत आढळले तर काय करावे? व्याकरणाने ते शुद्ध आहे. घटनाक्रमही जुळतो. पण त्यात मार खाणारा कारण झाला आहे आणि मारणारा वाक्यात नाहीच. त्या दिवशी एका सार्वजनिक तळ्याचे पाणी प्यावयास कायद्याची आडकाठी नव्हती. पुढे दिवाणी दावा दहा वर्षे चालून १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. एवढे सारे एका ‘मुळे’ शब्दाच्या मागे लपू शकते.

कारणांची साखळी कशी असते, हे दाखवावयास दूर जाण्याची गरज नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या आरंभी ती घालून ठेवली आहे: विद्या, मती, नीती, गती, वित्त, आणि शेवटी शूद्रांचे खचणे. त्या ओळी आज शाळाशाळांच्या भिंतींवर रंगविलेल्या दिसतात. मुले त्या चालीवर म्हणतात. माझी सूचना अशी की, म्हणून झाल्यावर प्रत्येक दोन कड्यांमध्ये थांबून ‘कसे?’ असे विचारावे. विद्या नसली की विचारशक्ती कशी जाते? सावकाराच्या वहीवर न वाचता अंगठा उठविणाऱ्या कुळाची गोष्ट मुले आपल्या आजोबांकडून आणतील. गती गेली की वित्त कसे जाते? सगळ्या कड्या एका तासात होणार नाहीत. एक झाली तरी पुरे.

बाबासाहेब पंचवीस वर्षांचे असताना, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातीच्या उगमावर निबंध वाचला. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या रूढींचा गौरव करणारे तत्त्वज्ञान पुष्कळ आढळते. त्यावरून त्या गौरवास्तव रूढी निघाल्या, अशी समजूत होती. त्यांनी कारणाची दिशाच फिरविली: जातीबाहेर विवाह होऊ नयेत म्हणून रूढी आल्या, आणि रूढी टिकाव्यात म्हणून गौरव आला. आरंभी सांगितलेल्या मुलाने निवास आणि पाहुणे यांच्या बाबतीत जे केले, तेच हे. मी थोर पुरुषाशी मुलाची तुलना करीत नाही. क्रिया तीच आहे, एवढेच म्हणतो.

मातांस एक शब्द. आपणांपैकी काहींस वाचता येत नसेल, म्हणून हे आपले काम नव्हे असे समजू नये. मूल वाचत असता शेजारी बसावे आणि मध्येच विचारावे, “कित्याक, रे?” ते म्हणेल, पुस्तकात दिले नाही. मग म्हणावे, “तुका काय वाटता?” आणि त्याने काही सांगितले की तिसरा प्रश्न करावा, “ह्या तुका कशावरून कळला?” या तीन प्रश्नांस अक्षरज्ञान लागत नाही. मूल कंटाळले तर सोडून द्यावे. आपणांस उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे. नशिबाचे नाव मात्र घेऊ नये.

त्या मागे बसलेल्या मुलीचे सांगावयाचे राहिले. परवा ती मला भेटली तेव्हा तिच्या हाती एक वही होती. घरच्या विहिरीत ती दर रविवारी गाठी मारलेली दोरी सोडते, पाणी किती गाठींवर लागले ते लिहिते, आणि पाणी चाखून पुढे ‘गोड’ किंवा ‘मचूळ’ असे लिहिते. तिसऱ्या रकान्यावर तिने ‘पाऊस’ असे लिहिले आहे. तो अजून कोरा आहे. पाऊस सुरू व्हावयाचा आहे.